आधी गळती, मग वीट

प्रश्न : आमचं घर जुनं आहे. दोन संडास, दोन्हीकडे कमोड. एकाच्या पाठीवर चिनी मातीची मोठी टाकी बसवलेली आहे, दुसऱ्याची टाकी भिंतीवर उंच, साखळी ओढायची. पाणी वाचावं म्हणून मुलाने खालच्या टाकीत वीट ठेवली. तेव्हापासून एका फ्लशमध्ये काम होत नाही, दुसऱ्यांदा दाबावं लागतं. सासूबाई वैतागल्या आहेत. एवढ्याशा पाण्यात स्वच्छता कशी राहणार, असं त्यांचं म्हणणं. प्लंबर म्हणतो, सगळं काढून नवीन बसवा. यजमान म्हणतात, चालतंय तर हात लावू नका. घरात आम्ही पाच जण. रात्री सगळं शांत झालं की खालच्या टाकीतून अधूनमधून सूं असा आवाज येतो, पण तो पहिल्यापासूनच आहे. जुन्याच कमोडमध्ये पाणी वाचवता येईल की तोडफोड करावीच लागेल? आणि आंघोळीचं, कपड्यांचं पाणी टाकीत भरलं तर चालेल का?
– पाच जणांच्या घरातली एक

उत्तर :

ताई,

वीट, प्लंबर, सासूबाई, यजमान असे सगळे तुमच्या पत्रात हजर आहेत. खरा चोर मात्र एका ओळीत येऊन गेला : ‘सूं असा आवाज येतो, पण तो पहिल्यापासूनच आहे.’ पहिल्यापासून आवाज आहे म्हणजे पहिल्यापासून गळतंय. कुणी फ्लश केलेला नसताना टाकी पाणी भरून घेते, याचा अर्थ आधीचं पाणी कुठेतरी निघून गेलेलं असतं. मुलाचा हेतू चांगला होता, त्याला रागावू नका. पण झालं असं की दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तोडफोड बहुधा करावी लागणार नाही. मात्र कामाचा क्रम सोडू नका. आधी गळती थांबवायची, मग एका फ्लशला किती पाणी जातं ते मोजायचं आणि त्यानंतर ते कमी करायला घ्यायचं. बहुतेक लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

टाकीचं झाकण दोन्ही हातांनी उचला आणि जमिनीवर आडवं ठेवा. भिंतीला टेकवून उभं करू नका. जुनं झाकण एकदा घसरून फुटलं की त्या मापाचं परत मिळत नाही. आत हात घालायला संकोच नको, टाकीतलं पाणी नळाचंच असतं. मधोमध एक उभी नळी दिसेल, वरून उघडी. ती ओव्हरफ्लोची. तिच्या बुडाशी रबराचं एक झाकण असतं, साखळीने दांडीला बांधलेलं. तो फ्लॅपर. काही टाक्यांत त्या जागी गोल वॉशरचा उभा व्हॉल्व्ह असतो, काम तेच. बाजूला पाणी आत सोडणारा कॉक आणि त्याचा फ्लोट, म्हणजे आपला नेहमीचा बॉलकॉक. एवढीच यंत्रणा आहे, आणि पाणी जायला वाटा दोनच आहेत. एक तर खालून, फ्लॅपरच्या कडेने. नाहीतर वरून, ओव्हरफ्लोच्या नळीत.

कुठून जातंय ते कळायला खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाकीत टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कुणाला आत जाऊ देऊ नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर फ्लॅपर गळतोय. नुसत्या डोळ्यांनी ही गळती कळत नाही, कारण भांड्याच्या मागच्या उतारावरून पाण्याचा इतका पातळ पापुद्रा उतरत असतो की तो दिसतच नाही.

रंगाने गळती आहे हे कळतं, किती आहे ते कळत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी करा. टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी तोडायचा छोटा नळ, बंद करा, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा आणि तासाभराने परत बघा. समजा तुमची टाकी आतून ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ७२० चौरस सेंटिमीटर झाला. तासात पाणी १ सेंटिमीटर उतरलं तर ७२० मिलिलिटर गेलं, दिवसाला १७ लिटरहून थोडं अधिक. ही सौम्य गळती. तुमच्याकडे तर सूं आवाज ऐकू येतो. आवाज दर अर्ध्या तासाने येत असेल आणि प्रत्येक वेळी टाकी २ सेंटिमीटर भरून घेत असेल, तर दिवसाला ६९ लिटर झाले. साखळी अडकून फ्लॅपर किंचित उघडा राहिला आणि मिनिटाला अर्धा लिटर जाऊ लागलं, तर चोवीस तासांत ७२० लिटर. पाच माणसांच्या सगळ्या फ्लशचं मिळून एवढं होत नाही. या हिशेबापुढे दोन लिटरच्या विटेचं कौतुक कुठे करायचं?

अँगल कॉक बंद असताना पाणी अजिबात उतरलं नाही, पण एरवी आवाज मात्र येतो, असं झालं तर दोष वरचा. बॉलकॉक वेळेवर बंद होत नाही आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत शिरतं. भरलेल्या टाकीतली पातळी या नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली असायला हवी. जुन्या पद्धतीचा, पितळी दांडीवरचा गोळा असेल तर दांडी अलगद खाली वाकवली की पातळी उतरते. नव्या धर्तीच्या कॉकला त्यासाठी स्क्रू किंवा चिमटा असतो. तरीही पाणी थांबलं नाही तर आतला वॉशर गेला आहे किंवा त्यात कचरा अडकला आहे. गोळा कानाशी धरून हलवून बघा. आत पाणी खुळखुळलं तर त्याला भोक पडलंय. तो पुरेसा वर येणारच नाही, बदलून टाका.

फ्लॅपर गळत असेल तर लगेच नवा आणायला धावू नका. आधी तो ज्या कड्यावर बसतो त्या कड्यावरून बोट फिरवा. बऱ्याचदा तिथे क्षारांचा खरखरीत थर असतो आणि रबर चांगलं असूनही नीट बसत नाही. घासणीने हलकेच घासून तो थर काढा. मग साखळी बघा. आखूड असेल तर ती फ्लॅपरला जराशी उचलून धरते. फार लांब असेल तर तिचंच टोक फ्लॅपरखाली येतं. बंद असताना तिला थोडीशी ढील हवी, एवढंच. रबर दाबल्यावर कडक लागलं, कडा वाकड्या झाल्या असतील किंवा बोटाला काळं लागलं तर त्याचे दिवस भरले. नवा आणायला जाताना जुना सोबत न्या. मापं सारखी दिसतात, असत नाहीत. आणि टाकीत टाकायच्या त्या निळ्या किंवा क्लोरीनच्या वड्या वापरत असाल तर आजपासून बंद करा. रबर अकाली मरतं ते यांच्यामुळेच, कारण दोन फ्लशच्या मधला सगळा वेळ ते त्याच पाण्यात बुडालेलं असतं. भांडं स्वच्छ दिसावं म्हणून वडी टाकायची आणि त्या वडीनेच गळती सुरू व्हायची, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.

ओव्हरफ्लोच्या तोंडाशी एक बारीक नळी चिमट्याने लावलेली असेल. टाकी भरत असताना ती थोडं पाणी भांड्याकडे पाठवते, म्हणजे भांड्यातलं पाणी परत आपल्या पातळीला येतं. ही नळी ओव्हरफ्लोच्या आत खोलवर खुपसलेली असेल तर बाहेर काढून तोंडाशीच लावा. तिचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं की काही बॉलकॉकांत ती सायफनसारखी पाणी ओढत राहते, आणि मग फ्लॅपर बदला, वॉशर बदला, आवाज काही जात नाही.

आता विटेकडे येऊ. ती आधी बाहेर काढा. वीट पाण्यात भिजून झिजते, तिची रेती फ्लॅपरखाली जाते आणि नवी गळती सुरू होते. शिवाय चिनी मातीच्या टाकीत एवढं जड आणि टोकदार काही ठेवू नये. एखाद्या दिवशी सरकली तर टाकीला तडा जाईल.

वीट काढलीत की टाकी मोजा. अँगल कॉक बंद करून भरल्या टाकीची पातळी खुणेने नोंदवा, एकदा फ्लश करा आणि पाणी कुठवर उतरलं ते बघा. त्याच उदाहरणातली टाकी घेऊ. पातळी १७ सेंटिमीटर उतरली तर ४५ गुणिले १६ गुणिले १७, म्हणजे १२,२४० घन सेंटिमीटर. लिटरमध्ये १२ आणि वर थोडं. टाकीचा आकार वेडावाकडा असेल तर हिशेब सोडा, खुणेपर्यंत मापाच्या भांड्याने परत भरा आणि लिटर मोजा.

पाच जणांचे दिवसाला पंचवीस फ्लश धरू. मुलाच्या विटेने प्रत्येक फ्लशमागे साधारण २ लिटर वाचले असतील. लघवीनंतरच्या वीस फ्लशमध्ये ४० लिटर वाचले. उरलेले पाच फ्लश दोनदा करावे लागले, प्रत्येकी १२ ऐवजी २० लिटर, म्हणजे ४० लिटर जास्त गेले. जमा ४०, खर्च ४०. सासूबाईंचा वैताग तेवढा निव्वळ शिल्लक राहिला.

म्हणून पाणी कमी करताना एक कसोटी कधी सोडू नये : एका फ्लशमध्ये काम झालंच पाहिजे. किती पाण्यात ते होईल हे टाकी ठरवत नाही, खालचं भांडं ठरवतं. भांडी मुख्यतः दोन जातींची. एकात वरून जोरात आलेलं पाणी मैला सरळ ढकलून बाहेर काढतं. दुसऱ्यात वळणदार वाट पाण्याने पूर्ण भरली की सायफन सुरू होतो आणि भांड्यातलं सगळं ओढून नेतो. शेवटी गडगड आवाज येतो तो याचा. ढकलणारं भांडं थोड्या कमी पाण्यात निभावून नेतं. ओढणाऱ्याचं तसं नाही. ठरावीक वेगाने ठरावीक पाणी आलं नाही तर त्याचा सायफन सुरूच होत नाही, पाणी नुसतं गोल फिरून खाली बसतं. तुमच्याकडे वीट टाकल्यावर असंच होत असेल तर तुमचं भांडं या दुसऱ्या जातीचं.

ही चूक मोठमोठ्या कंपन्यांनीही केली आहे. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने घरगुती नव्या कमोडना फ्लशमागे १.६ गॅलन, म्हणजे साधारण ६ लिटरची मर्यादा घातली आणि ती १९९४ पासून लागू झाली. त्याआधी १३ लिटरचे कमोड सर्रास होते, आणखी जुने तर १९ लिटर नि त्याहून जास्त पिणारे. सुरुवातीच्या कित्येक कमोडमध्ये भांड्याची घडण जुनीच राहिली, पाणी तेवढं कमी झालं. लोक दोनदा फ्लश करू लागले आणि कमी पाण्याच्या कमोडचं नाव खराब झालं. पुढे भांड्याचा उतार, आतली वाट, व्हॉल्व्हचं तोंड असं सगळं नव्याने आखलं गेलं. २००३ मध्ये तिकडे ‘मॅप’ नावाची चाचणी आली. सोयाबीनच्या घट्ट लगद्याचे गोळे भांड्यात टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातो ते त्यात मोजतात. पाणी वाचवणाऱ्या वस्तूंना मिळणाऱ्या तिथल्या ‘वॉटरसेन्स’ शिक्क्याला आज ४.८ लिटरच्या आत निदान ३५० ग्रॅम घालवावे लागतात. थोडक्यात, कमी पाण्यात काम होतं, पण त्यासाठी भांडंही तसंच घडवलेलं लागतं. तुमच्या जुन्या भांड्याला ६ लिटरमध्ये बसवायचा हट्ट धरू नका. बाराचे नऊ झाले तरी दिवसाला ७५ लिटर वाचतात.

ते कसे करायचे? टाकी कमोडच्या पाठीवरच असेल तर फ्लोट खाली करून पातळी फार उतरवू नका. पाण्याचा जोर त्याच्या उंचीवर असतो. पातळी उतरली की पाणीही कमी आणि जोरही कमी, असा दुहेरी मार बसतो. त्यापेक्षा प्लॅस्टिकची अर्ध्या लिटरची बाटली घ्या, तळाशी खडे घाला, काठोकाठ पाणी भरून बूच घट्ट लावा आणि टाकीच्या कोपऱ्यात उभी करा. फ्लोट आणि साखळी यांच्या वाटेत येणार नाही अशी जागा बघा. पातळी तीच राहते, जोर तोच राहतो आणि बाटलीएवढं पाणी दर फ्लशला कमी लागतं. आठवडाभर वापरून बघा. तक्रार आली नाही तर लिटरची बाटली. मग दोन. ज्या दिवशी दुसरा फ्लश लागला त्या दिवशी एक पायरी मागे या आणि तिथेच थांबा.

बाटलीपेक्षा चांगला उपाय म्हणजे लवकर मिटणारा फ्लॅपर. त्यावर फिरवायची चकती किंवा छोटा फ्लोट असतो आणि त्याने तो किती लवकर मिटेल ते ठरवता येतं. टाकीतलं वरचं पाणी पूर्ण जोराने निघून जातं आणि तळाशी उरणारं, जे तसंही रेंगाळत जातं, ते टाकीतच राहतं. मला विचाराल तर पाठीवरच्या टाकीला हाच बसवावा.

बाटली ठेवण्याआधी एक गोष्ट मात्र करा, नाहीतर सगळा दोष बाटलीच्या माथी येईल. बादलीत सहा-सात लिटर पाणी घ्या आणि कमोडच्या भांड्यात एका दमात ओता. भांडं चटकन साफ झालं तर भांडं आणि पाइप ठणठणीत आहेत, टाकीतूनच पाणी हळू येतंय. बादलीनेही पाणी वर चढून सावकाश उतरलं तर वाटेत काहीतरी अडलंय, आणि टाकीत तुम्ही काहीही केलंत तरी फरक पडणार नाही.

टाकीतून पाणी हळू येण्याचं जुन्या कमोडमधलं नेहमीचं कारण म्हणजे भांड्याच्या कडेखालची भोकं बुजणं. छोटा आरसा कडेखाली धरून बघा. क्षारांनी निम्मी भोकं बंद झालेली दिसतील, काही पूर्ण बुजलेली. अर्धा-एक लिटर व्हिनेगर गरम करून, पण उकळतं नाही, ओव्हरफ्लोच्या नळीत ओता. ते थेट कडेच्या आतल्या वाटेत उतरतं. रात्रभर राहू द्या आणि सकाळी जाड वायरच्या टोकाने एकेक भोक मोकळं करा. सायट्रिक ॲसिडची पूड पाण्यात विरघळवून घेतली तरी चालते. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा : व्हिनेगर असो, सायट्रिक असो की बाजारातलं कमोड साफ करायचं ॲसिड, ते ब्लीचिंगच्या कुठल्याही पदार्थाबरोबर मिसळता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेततो. एवढं केलंत की कित्येकदा आहे त्याच पाण्यात फ्लश इतका सुधारतो की त्यानंतर बाटल्या ठेवायला भरपूर वाव मिळतो.

दोन बटणांचा फ्लश जुन्या टाकीत बसवता येतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्लंबर सुचवेलच. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांची टाकी तयार केली, ११ लिटर आणि साडेपाच लिटरची. कल्पना साधी होती, लघवीला पूर्ण टाकी कशाला? ती जगभर गेली आणि आकडे उतरत ६ आणि ३ लिटरवर आले. जुन्या टाकीत बसवायचे तयार संच मिळतात. वीस फ्लश अर्ध्या पाण्यात झाले तर फायदा उघड आहे. पण संच घेण्याआधी टाकीच्या तळच्या भोकाचं माप आणि झाकणातल्या किंवा पुढच्या बाजूच्या खटक्याची जागा जुळते का ते बघा. काही संचांसाठी टाकी भांड्यावरून उतरवावी लागते. तसं असेल तर मधलं रबरी गॅस्केट आणि बोल्टचे वॉशर नवेच घाला, आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. एकच बाजू करकचून आवळली की चिनी माती तडकते. या व्हॉल्व्हचा रबरी सील खराब झाला की तोही फ्लॅपरसारखाच गुपचूप गळतो. म्हणून दर काही महिन्यांनी रंगाची चाचणी चालू ठेवा. आणि कुठलं बटण छोटं हे घरात सगळ्यांना दाखवा, पाहुण्यांनाही कळेल अशी खूण करा. लोक सवयीने दोन्ही बटणं एकदम दाबतात.

साखळीच्या टाकीचं गणित वेगळं आहे आणि तुमच्या फायद्याचं आहे. तशा जुन्या टाक्यांत सहसा फ्लॅपर नसतो, आत सायफनची घंटा असते. साखळी ओढून पाणी एकदा वळणावरून पलीकडे ढकललं की बाकीचं आपोआप ओढलं जातं. नाही ओढलं तर पाणी जातच नाही. त्यामुळे झिजलेल्या रबरातून गळण्याचा प्रश्न तिथे येत नाही. ब्रिटनमध्ये याच कारणासाठी कित्येक वर्षं घरगुती टाक्यांना सायफनच सक्तीचा होता. १९९९ च्या नियमांनी २००१ पासून व्हॉल्व्हच्या टाक्यांना वाट मोकळी झाली. तुमच्या उंच टाकीत बघायचं ते फक्त बॉलकॉक पाणी वेळेवर थांबवतो की नाही. आणि पाणी इतक्या उंचावरून येतं की टाकीतली पातळी चार-पाच सेंटिमीटर उतरवली तरी जोर फारसा घटत नाही, म्हणून इथे फ्लोट खाली केलात तरी चालेल. मात्र सायफन सुरू व्हायला टाकीत जी किमान पातळी लागते तिच्याखाली गेलात तर साखळी दोन-तीनदा ओढावी लागेल.

आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी टाकीत भरू नका. साबण, केस, धागे व्हॉल्व्हमध्ये अडकतात, टाकीला वास लागतो, आणि उलटा दाब आला तर ते पाणी नळाच्या पाण्यात मिसळण्याचा धोका असतो. बादलीने थेट भांड्यात ओता, एका दमात, थोडं उंचावरून. ज्या दिवशीचं त्या दिवशी वापरा, साठवलं की सडतं. हा मार्ग मला फार आवडतो, कारण त्यात चांगल्या पाण्याचा एक थेंबही जात नाही. पण वयस्कर माणसाला ओल्या फरशीवर बादली उचलायला लावू नका. ज्यांना झेपेल त्यांनीच करावं.

सासूबाईंना सांगा की त्यांची शंका बिनबुडाची नाही. भांड्याच्या तळाशी जे पाणी उभं राहतं ते गटारातला वास आणि वायू अडवतं. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलेल्या पेटंटपासून हे पाणी अडवून धरणारं वळण कमोडला आहे आणि आजवर त्याला पर्याय निघालेला नाही. फ्लश झाल्यावर हे पाणी पूर्वीच्याच पातळीला येत नसेल किंवा वास येऊ लागला असेल, तर पाणी प्रमाणाबाहेर कमी केलं आहे असं समजून एक बाटली काढायची. पातळी जागेवर असेल आणि एका फ्लशमध्ये भांडं साफ होत असेल, तर १२ लिटरचं भांडं ९ लिटरच्या भांड्याहून जास्त स्वच्छ नसतं. तिथे ब्रश लागतो. जुन्या घरांत बाहेरच्या चेंबरपर्यंतचा पाइप लांब आणि उतार कमी असला तर फार कमी पाण्यात मैला मध्येच थांबतो. म्हणून संडासनंतर पूर्ण फ्लश, कंजुषी करायची ती लघवीच्या वेळी. ओले वाइप्स आणि पॅड कमोडमध्ये टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

प्लंबरचं म्हणणं कधी ऐकायचं? टाकीला किंवा भांड्याला तडा असेल, सुटे भाग मिळतच नसतील, किंवा भोकं साफ करून, फ्लॅपर बदलून झाल्यावरही १०-१२ लिटरखाली एका फ्लशमध्ये काम होत नसेल, तेव्हा. तोपर्यंत त्याला फक्त फ्लॅपर आणि बॉलकॉकचा वॉशर बदलायला सांगा. नवीन घ्यायची वेळ आलीच तर टाकी आणि भांडं जोडीनेच घ्या. जुन्या भांड्यावर सहा लिटरची नवी टाकी चढवलीत तर विटेचाच प्रयोग पुन्हा होईल. आणि दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी टिपून न्या : कमोडचा निचरा जमिनीत उतरतो की मागे भिंतीत जातो, आणि जमिनीत उतरत असेल तर मागच्या भिंतीपासून त्या पाइपच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे. हे अंतर जुळलं नाही तर फरशी फोडून पाइप सरकवावा लागतो.